नऊ गाठी

“आणि बांधायचं कुणाला?” मालिनीबाईंनी विचारलं.

ऋजुताने नाव सांगितलं. वैजयंती काळगे.

“तिचं काय बांधायचं?”

“जीभ.”

बाईंनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते ऋजुताला कळलं नाही...

महाबळेश्वरच्या मागच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून बसलेल्या एका वाडीत मालिनी खांडगे राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी नर्स म्हणून इंग्लंडला गेल्या, तीस वर्षं तिथल्या एका इस्पितळात राबल्या आणि परत आल्या त्या एक वेगळाच धर्म घेऊन.

विक्का म्हणतात त्याला. गेल्या शतकात त्याच देशात तो उभा राहिला. एक देवी, एक देव, चंद्राच्या कला, सूर्याच्या फेऱ्यावर बेतलेले वर्षाचे आठ सण. माती, पाणी, वारा, अग्नी यांना साक्षी ठेवून केलेली पूजा. तो पाळणारे लोक स्वतःला चेटूक करणारे म्हणवून घेतात, तेही मान वर करून. नियम मात्र त्यांचा एवढासाच. कुणाला इजा होणार नसेल, तर मनात येईल ते कर.

वाडीतले लोक बाईंना नर्सबाई म्हणत. सुरुवातीला आणखीही काही म्हणत. पण ताप बघायला, जखम धुवायला, अडलेल्या बाळंतिणीचा हात धरून बसायला त्याच यायच्या. ते दुसरं नाव हळूहळू कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

ऋजुता पानसे साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. चौतीस वर्षांची, हुशार, एकटी राहणारी. दोन वर्षं तिने मोबाइलवर आणि पुस्तकांतून हे सगळं शिकून घेतलं होतं. कोणत्या तिथीला काय मागायचं, कोणत्या रंगाची मेणबत्ती कशासाठी, रिंगण कसं आखायचं, चारी दिशांना कसं बोलवायचं. तिची एक जाड वही होती, तिच्यात हे सारं सुंदर अक्षरात, चित्रांसकट उतरवलेलं.

बाईंचा पत्ता लागल्यावर ती दर दुसऱ्या शनिवारी एसटीने वर येऊ लागली. एक वर्ष आणि एक दिवस शिकल्यावर दीक्षा, अशी त्या पंथातली जुनी रीत. दहा महिने झाले होते.

या दहा महिन्यांत बाईंनी तिला एकही मंत्र दिला नव्हता. घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, तिला हातभर जागा दाखवून दिली होती आणि दर खेपेला त्या जागेत काय बदललं ते सांगायला लावत. गवत वाळलं. मुंग्यांनी बीळ हलवलं. दगडावर नवं शेवाळ आलं... ऋजुता सांगायची. मनातून मात्र तिला वाटायचं, बाईंना याहून जास्त येतच नसावं.

आणि मग शाळेतलं ते झालं.

सोबत शिकवणाऱ्या वैजयंतीने ऋजुताची वही पाहिली आणि शाळेच्या मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं, की या बाई जादूटोणा करतात. आठवड्याभरात पालक फाटकाशी जमले. मोठ्या बाईंनी ऋजुताला शांतपणे, दार लावून घेऊन, राजीनामा लिहायला सांगितला.

बाहेर पडताना कुणीतरी मागून म्हणालं, “चेटकीण.”

दोन वर्षं ती स्वतःला मजेने तेच म्हणत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून तो शब्द आला, तेव्हा तिला स्कूटरला किल्ली लावता येईना.

म्हणून ती आज आली होती. वाद घालायची सगळी तयारी करून आली होती. जीभ बांधणं म्हणजे इजा नव्हे, तिने सांगितलं. तिचं वाईट होऊ दे असं मी म्हणत नाही. तिने पुन्हा कुणाचं वाईट करू नये, एवढंच. मोठमोठ्या जाणत्यांनी याला मान्यता दिली आहे, तेही तिने सांगितलं. कुणी, कुठे, ते वहीत लिहिलेलं होतं.

बाई ऐकत होत्या. तिचं सगळं बोलून झालं, तरी ऐकतच होत्या.

मग म्हणाल्या, “कर.”

ऋजुताला हे अपेक्षित नव्हतं.

“उद्या दिवस-रात्र सारखी. आपला सणच आहे. ऊन वर आलं की सड्यावर जाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सड्यावर गेल्या. मार्चचं स्वच्छ ऊन होतं. खालच्या उतारावरची जांभळं फुलली होती आणि वारा आला की तो वास वर यायचा.

ऋजुताने पिशवी उघडली. मिठाचं पाणी शिंपडून तिने जागा शुद्ध केली. काळ्या मुठीची सुरी हातात धरून रिंगण आखलं. पूर्वेला उदबत्ती, दक्षिणेला मेणबत्ती, पश्चिमेला पाण्याचा पेला, उत्तरेला मातीची वाटी. प्रत्येक दिशेकडे तोंड करून तिने आवाहन केलं. एक शब्द चुकला नाही.

मग तिने पिशवीतून बाहुली काढली. पांढऱ्या कापडाची, कापूस भरलेली. पोटावर निळ्या दोऱ्याने नाव काढलेलं. सोबत लाल दोऱ्याचं रीळ.

बाईंनी बाहुली हातात घेतली, उलटसुलट केली. काम छान झालंय, म्हणाल्या.

“पण हा कापूस आहे गं. कापसाला जीभ कुठली?”

“ती तिच्या जागी असते, बाई. प्रतीक.”

“मी बसते तिच्या जागी.”

ऋजुताने बाहुली परत घ्यायला हात पुढे केला.

“बांध,” बाई म्हणाल्या. “मी वैजयंती.”

आणि त्या रिंगणाच्या मध्यभागी मांडी घालून बसल्या. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले, डोळे समोर दरीकडे लावले.

हे वहीत नव्हतं. ऋजुताने तसं सांगितलं. बाई दरीकडेच पाहत राहिल्या. मग तिला वाटलं, ही परीक्षा आहे. आपण कचरतो का, एवढंच बघतायत. आणि ती कचरणाऱ्यांतली नव्हती.

तिने दोरा काढला. बाईंच्या ओठांवरून तीन वेढे घेतले, टोकं मागे, पांढऱ्या अंबाड्याखाली आणली. तिथे गाठी मारायच्या होत्या. नऊ. प्रत्येक गाठीला नाव घ्यायचं.

“वैजयंती काळगे.” पहिली गाठ.

“वैजयंती काळगे.” दुसरी.

तिसऱ्या गाठीला तिचा आवाज चढला. पाचव्या गाठीला दोरा इतका आवळला गेला, की बाईंची मान किंचित मागे आली. सहाव्या, सातव्या, आठव्या गाठीला ती नाव घेत नव्हती, फेकत होती. नववी मारून झाली तेव्हा तिला धाप लागली होती.

आता काहीतरी व्हायला हवं होतं. हलकं वाटेल, असं लिहिलं होतं वहीत.

हलकं वाटलं नाही.

आणि तेव्हा तो आवाज आला.

आधी वाटलं, लांब खोऱ्यात कुणाची तरी मोटार चढण चढतेय. मग तो जांभळांच्या बाजूने येऊ लागला. मग खालून आणि वरून, एकदमच. ऋजुताने वळून पाहिलं. उतारावरून एक तपकिरी ढग वर येत होता, पसरत, आवळत, पुन्हा पसरत.

मधमाश्या. मोहोळ फुटलं होतं. जुनं घर सोडून निघालेल्या हजारो सातेरी माश्या.

रिंगणापाशी त्या थांबल्या नाहीत. तिने सुरीने आखलेली रेघ त्यांनी जुमानली नाही. हवा गरगरू लागली. ऋजुताच्या कानाला, गालाला, पापण्यांना वारा लागत होता तो त्यांच्या पंखांचा.

पळावं असं तिला वाटलं. पण बाई आत बसून होत्या.

ढग खाली आला आणि बाईंवर बसला.

आधी खांद्यावर. मग खांद्यावरून मानेवर. माशीवर माशी, तिच्यावर माशी. पाहता पाहता अंबाडा दिसेनासा झाला, लाल दोरा दिसेनासा झाला. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत एक जिवंत, थरथरती शाल लोंबू लागली. सगळ्या सड्यावर तेवढा एकच आवाज होता. तो कानाने ऐकू येत नव्हता, दातांत जाणवत होता.

बाई हलल्या नाहीत. डोळे उघडे होते. श्वास चालू होता, संथ.

पण तोंड बांधलेलं होतं. आणि एखादी माशी नाकाशी गेली, तर...

ऋजुताने सुरी उचलली. दोरा कापायचा, एका झटक्यात.

मांडीवरच्या बाईंच्या हाताची तर्जनी उचलली गेली. एकदा इकडून तिकडे हलली आणि पुन्हा खाली टेकली.

नको.

तिने सुरी खाली ठेवली. गुडघ्यांवर बसली. आणि दोन्ही हात त्या माश्यांमध्ये घातले.

ऊब होती. याचंच तिला पहिल्यांदा नवल वाटलं. ताप आलेल्या मुलाच्या केसांत हात घालावा तशी ऊब. मेणाचा आणि मधाचा दाट वास. माश्या तिच्या बोटांवरून मनगटावर, मनगटावरून परत बोटांवर चालत होत्या, जणू ते हात आधीपासून तिथेच होते.

तिने चाचपडत शेवटची गाठ शोधली. नखाने उकलायला लागली. फार आवळून मारली होती.

एक सुटली. मग दुसरी.

तिसऱ्या गाठीपाशी तिने घाई केली. बोटाखाली एक माशी दबली आणि अंगठ्यात आग शिरली. आवाज लगेच चढला, सगळ्या माश्यांचा एकदम. ऋजुताने हात मागे घेतला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी तो तिथेच ठेवला. हळूहळू आवाज उतरला.

त्यानंतर घाई करण्यात अर्थच नव्हता. एका गाठीला किती वेळ लागेल ते गाठच ठरवत होती.

पाचव्या गाठीपाशी तिला न बोलावता आठवलं. पावसाळ्यातली एक दुपार. शिक्षकांच्या खोलीत दोघीच होत्या. वैजयंती जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली होती, “तुमच्या त्या वहीत तापावर काही आहे का हो? लेकीचा उतरतच नाहीये. डॉक्टर झाले दोन.” आणि ऋजुता हसली होती. तुम्हाला नाही कळायचं ते, असं म्हणून तिने वही मिटली होती.

लेकीचं पुढे काय झालं, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

सहावी सुटली. सातवी. आता ती नाव घेत होती, पण ओठांतल्या ओठांत, आणि ते वेगळंच ऐकू येत होतं. आठवी...

नववी गाठ सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोरा सैल होऊन घसरला आणि माश्यांतून वाट काढत खाली पडला. बाईंचे ओठ उघडले. त्यांनी एक लांब श्वास घेतला.

माश्या मात्र बसूनच होत्या.

ऋजुतानेही हात काढले नाहीत. तिला काढावेसे वाटेनात. ती तिथे किती वेळ होती, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. आपण रिंगणात आहोत की रिंगण आपल्यात, आपला हात कुठे संपतो आणि बाईंचा खांदा कुठे सुरू होतो, याचं काही भान तिला राहिलं नव्हतं. एवढंच कळत होतं, की हे सगळं मिळून एक काहीतरी आहे आणि ते श्वास घेतंय.

मग एक थरथर वरून खाली धावली. पदर ओढून घ्यावा तशा माश्या एका खेपेत उठल्या. आकाशात एक मोठा फेरा घेतला, ढग लांबट झाला आणि खोऱ्याच्या दिशेने निघून गेला.

सड्यावर इतकी शांतता पसरली, की दोघींना एकमेकींचे श्वास ऐकू येत होते.

मेणबत्ती केव्हाच विझली होती. पेल्यातल्या पाण्यात दोन माश्या पडल्या होत्या. बाईंनी गवताच्या काडीने एकेक बाहेर काढली आणि उन्हात ठेवली. त्यांच्या दोन्ही गालांवर दोऱ्याचा वळ उठला होता. मग त्यांनी ऋजुताचा अंगठा हातात घेतला आणि नखाने अलगद खरवडून काटा काढला. नर्सचा हात, दुखलं नाही.

साताऱ्याला उतरल्यावर ऋजुता आपल्या घरी न जाता आधी कुणाचं दार वाजवायला गेली आणि ते दार उघडायला किती वेळ लागला, ती पुढची हकीकत. सड्यावर त्या घटकेला तिच्याजवळ एकच प्रश्न होता, आणि तो विचारायचीही तिला भीती वाटत होती.

तिने गवतातला लाल दोरा उचलून बोटाला गुंडाळला.

“बाई...”

“हं.”

“तुम्ही बोलावलं त्यांना?”

मालिनीबाईंनी दरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“मी कशी बोलावणार?” त्या म्हणाल्या. “माझं तोंड तर तू बांधलं होतंस.”