खिंडीत टेकलेला पाय

एकदा एक वृद्ध सायकल-कारागीर आपल्या स्नेह्यांसह खिंड चढत असता, माथा केवळ पन्नास पावलांवर राहिला असताना, पाय टेकून उभे राहिले. अकरा वर्षांत असे कधी घडले नव्हते. त्या सायंकाळी ते का घडले, ते सांगतो.

या कारागिरांना सारे गाव अण्णा म्हणत असे. दर गुरुवारी दिवस कलू लागला, की त्यांच्या दुकानासमोर सहा-सात सायकली जमत आणि ज्वारीच्या शेतांमधून खिंडीपलीकडच्या गावापर्यंत रपेट होई. या मंडळींची एक प्रथा होती. चढावर जो पाय टेकील, त्याच्याभोवती सर्वांनी थांबावयाचे आणि आपापल्या सायकलीची घंटा वाजवावयाची. प्रथा थट्टेची होती. परंतु तिचा धाक मोठा होता. स्वतः अण्णांवर ती घंटा कधीच वाजली नव्हती, आणि त्यांचा शिष्य मुकुंद याला त्याचा स्वतःच्या पराक्रमाइतका अभिमान होता.

त्या गुरुवारी अण्णांनी पुढारपण प्रथमच मुकुंदाकडे दिले होते. सूर्य मावळण्याच्या आत, एकही घंटा न वाजता, सर्वांना खिंड पार करून न्यावयाचे, असा मुकुंदाने मनाशी निश्चय केला होता. घाईला कारणही होते. पलीकडचा उतार तीव्र असून तळाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो. वळणावर कालव्याचा पूल आहे, आणि त्या पुलाला कठडा नाही.

मंडळींत बसवंतशेठ नावाचे धान्याचे व्यापारी होते. त्यांना मधुमेह होता. निघतानाच ते हसत म्हणाले होते, "आज संकष्टी आहे, मुकुंदराव. सकाळची गोळी तेवढी घेतली, बाकी पोटात नुसता चहा. चंद्रोदयाच्या आत घरी पोहोचवा म्हणजे झाले."

मुकुंदाने ते ऐकले होते. ऐकून सोडून दिले होते.

अर्धा चढ झाला तेव्हा पोस्टमास्तर शिपूरकरांनी मागून हाक दिली, "काय शेठ, आज मुकाट? एरवी तुमच्या बोलण्यानेच आमचा चढ सरतो!"

शेठ काही बोलले नाहीत.

"मास्तर, त्यांना बोलायला लावू नका!" मुकुंद पुढून ओरडला. "शेठ, असेच चला. आज घंटा वाजू द्यायची नाही!"

अण्णा आपली सायकल शेठांच्या बाजूला घेऊन आले. वारा गार होता, तरी शेठांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"शेठ, उतरा. आपण दोघे चालत जाऊ."

"नाही अण्णा. गेल्या गुरुवारी माझ्यावरच वाजली. आठवडाभर गिऱ्हाईकसुद्धा दुकानात येऊन टिंग-टिंग करत होते. आज मेलो तरी उतरणार नाही."

थोड्या वेळाने अण्णांनी पुन्हा विनविले. या वेळी शेठांनी पायडलवर अधिकच जोर दिला. त्यांचे पुढचे चाक रस्त्याच्या कडेकडे सरकले, परत आले, पुन्हा सरकले. माथा समोर दिसू लागला होता. माथ्यानंतर पायडल मारावे लागत नाही. सायकल आपोआप धावू लागते.

तेव्हा अण्णा उभे राहून पायडल मारू लागले. ते शेठांच्या पुढे गेले, सायकल आडवी घातली आणि पाय जमिनीवर टेकून मोठ्याने म्हणाले, "मंडळी, मी पाय टेकला! थांबा, आणि वाजवा घंटा!"

सर्वजण थांबले. घंटा मात्र एकानेही वाजविली नाही. शेठांनीही ब्रेक दाबला. पण त्यांच्या पायाला जमीन सापडेना. ते कलंडले, तोच अण्णांनी एका हाताने त्यांचे हँडल व दुसऱ्या हाताने दंड धरला.

मुकुंद तावातावाने मागे आला. "अण्णा, हे काय केलेत? पन्नास पावले राहिली होती! तुम्हांला धापसुद्धा लागलेली नाही!"

"शेठांची साखर उतरली आहे. माझ्या हत्यारांच्या पिशवीत गूळ आहे," अण्णा म्हणाले. "आधी तो काढ."

शेठांना दगडावर बसविले. समोर सूर्य धडधडीत दिसत असताना त्यांनी जड जिभेने विचारले, "चंद्र... उगवला का?"

कोणी हसले नाही. मुकुंदाच्या हातातील गुळाचा खडा खाली पडला. त्याने दुसरा काढला. अण्णांनी तो शेठांच्या तोंडात घातला. शेठ मान हलवू लागले, तेव्हा ते म्हणाले, "गुळाने उपवास मोडत नाही. चघळा."

पंधरा मिनिटे गेली. मग शेठांच्या डोळ्यांत ओळख परतली आणि ते पुटपुटले, "मास्तर, असे काय बघता? मी काय मनीऑर्डर आहे?" तेव्हा कोठे शिपूरकर रस्त्यातच मटकन खाली बसले.

मुकुंद अण्णांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही आम्हांला नुसते सांगितले असते, की शेठांना बरे नाही, तर आम्ही थांबलो असतो."

"तुम्ही थांबला असता. ते थांबले नसते. मी दोनदा सांगितले, तर त्यांनी जोर वाढविला. उतरणे त्यांना कालव्यापेक्षा भयंकर वाटत होते, आणि ते भय त्यांना आपणच घातले. घंटेची ही प्रथा कोणी पाडली, ठाऊक आहे? मी. ज्याच्यावर ती कधी वाजली नाही, त्याला ती पाडणे सोपे होते. म्हणून आज माझाच पाय टेकणे भाग होते."

"पण अकरा वर्षांचा तुमचा नेम, अण्णा..."

"पाय माझाच आहे, आणि जमीन आपल्याच गावची आहे. त्यात गेले काय?"

मुकुंदाने मान खाली घातली. "निघताना शेठांनी मला सर्व सांगितले होते," तो म्हणाला.

ज्या मंडळींत थांबण्याची लाज वाटते, तेथे सर्वांत समर्थ माणसाने प्रथम थांबावे.

तो उतार सर्वजण सायकली हातात धरून पायी उतरले. शेठ रस्त्याच्या आतल्या बाजूने चालत होते, आणि तळाच्या पुलावर त्यांच्या व कालव्याच्या मध्ये मुकुंद होता. रस्ता खडबडीत होता. हादऱ्याने वाजू नये म्हणून त्याने आपल्या सायकलीच्या घंटेवर तळवा दाबून धरला होता.