सुटकेचा लांबलचक शब्द

“...आणि मदीच अडाकलंय तर, आबा? शब्द खंय मोडू? जोर खंय देऊ?”

आत्माराम विचारत होता; म्हातारे दुभाषी रवळू शेणवी दाराकडे बघत होते.

वलंदेजांच्या, म्हणजे डच व्यापाऱ्यांच्या, वखारीपुढे ही गुरुशिष्यांची जोडी बसली होती. आतला मोठा साहेब अर्ज ऐकायचा तो फक्त आपल्या भाषेत, आणि कैद्याच्या घरच्या माणसाच्याच तोंडून. एरवी रोजच्या व्यवहारात चालणाऱ्या दुभाष्यालाही अर्जाच्या वेळी दारातच अडवत. बोलणाऱ्याची जीभ अडखळली की साहेब हसायचा. तो हसला, की अर्ज बुडाला.

आत्मारामचा थोरला भाऊ लाडोबा मिरीच्या गोणीवरून झालेल्या बाचाबाचीत धरला गेला होता. भरती लागली की गलबत त्याला घेऊन सातासमुद्रापार बटावियाला निघणार. तिकडून परतलेला माणूस गावात कुणी पाहिला नव्हता.

आणि सगळी भिस्त एका शब्दावर. फ्रेइलातिंग्सफरझूक! म्हणजे सुटकेची विनंती.

म्हातारे दुभाषी काल शिकवायला बसले, तर पठ्ठ्या म्हणाला होता, “माका हातभर लांब समास पाठ आसत. ह्या काय मोठा?” आणि पाढे म्हणावेत तसा मान डोलवत, प्रत्येक अक्षराला सारखा ठोका देत घोकत राहिला. शब्दाचे तुकडे पाड, हे गुरूचं सांगणं ऐकतो कोण!

आता आतून हशा ऐकू आला. आधीचा अर्जदार भिंत धरत बाहेर आला आणि पायरीवरच मटकन बसला.

आत्मारामचं अवसान गळालं.

“फ्रेइ... ला... तिंग्स...” पुढे दातखीळच बसली. “आबा, भय वाटता माका! लाडोबा जायत माझो... तुमचा बरा. तुमी जलमभर साहेबापुढे बोललास, तुमका कसला भय?”

म्हाताऱ्याने त्याचा हात ओढला आणि आपल्या छातीवर दाबून धरला.

आत्माराम चपापला. बरगड्यांआड काळीज नुसतं धडधडत होतं, त्याच्या स्वतःच्या काळजाहूनही जोरात.

“आबा... तुमीसुद्धा?”

“रोज.”

“मगे बोलतास कसे?”

तेवढ्यात दारावरच्या शिपायाने आत्मारामचं नाव पुकारलं. तो उठला खरा, पण हात अजून म्हाताऱ्याच्या मुठीत होता.

रवळू शेणवींनी त्याचा हात सोडला.

“पयल्या तुकड्यार जोर दी. भय मागसून येता... येवंदे.”