न उतरणारा तंबोरा

एका राज्यात राजगायिकेला सर्दी होण्याची बंदी होती. वेशीवर दगडी खांब उभा होता आणि त्यावर तशी राजाज्ञा कोरलेली होती. बंदी कशावर घालावी याला राजेलोकांत फारसा धरबंध नसतो हे खरे, पण या बंदीला कारण होते. त्या नगरात नदी नव्हती, विहीर नव्हती. होता तो एक डोंगर, डोंगराच्या पोटात गोड्या पाण्याचा झरा, आणि झऱ्यापुढे एक प्रचंड शिळाद्वार. रोज पहाटे राजगायिकेने तंबोरा घेऊन त्या द्वारापुढे बसायचे आणि गायचे. सूर लागला की शिळा बाजूला सरे, दिवसाचे पाणी नगरात वाहत येई, आणि सूर्य मावळला की दार आपोआप मिटे.

तंबोराही काही साधासुधा नव्हता. काळ्या लाकडाचा, पोटात भलामोठा भोपळा, आणि खुंट्या दगडाच्या झालेल्या. ज्या राजाने तो प्रथम लावून घेतला, त्याने आकाशाकडे बोट करून सांगितले होते, "या राज्याचा सूर एवढा उंच, आणि तो कधी खाली यायचा नाही." तेव्हापासून तो सूर तिथेच टांगलेला होता. शेजारच्या राज्यांना आपल्या हत्तींचा अभिमान, या राज्याला आपल्या सुराचा.

या काळात राजगायिका होती लीलांबरी. तिने दही कधी चाखले नव्हते, चिंचेकडे कधी पाहिले नव्हते. गळ्याभोवती रेशमी फडके, तोंडात ज्येष्ठमधाची काडी आणि खिडक्यांना दुहेरी पडदे, असा तिचा संसार. घरात दुसरे माणूस एकच, तिची गुरू कात्यायनी. एकेकाळी तीच राजगायिका होती. मग एके दिवशी तिचा आवाज गेला तो गेलाच. बोलायला तोंड उघडावे तर शब्द नाही, लिहायला बसावे तर बोरू मोडून पडे. लीलांबरी रियाजाला बसली की म्हातारी समोर येऊन बसे आणि हाताचा तळवा हळूहळू जमिनीकडे नेऊन दाखवी. मांडी नीट घाल, असेच गुरुमाई सांगत असणार, म्हणून लीलांबरी मांडी सावरून बसे. म्हातारी कपाळाला हात लावी. असे कित्येक वर्षे चालले होते.

आणि एके दिवशी, काहीही कारण नसताना, लीलांबरीला शिंक आली.

पहिली शिंक तिने पदरात दाबली. दुसरी भिंतीकडे तोंड करून दिली. दुपारपर्यंत साऱ्या नगराला ठाऊक झाले, पण त्या रोगाचे नाव घेणे हाच गुन्हा. म्हणून जो तो वाकड्या वाटेने सल्ला देऊ लागला. दूधवाली म्हणाली, "बाईसाहेब, कुणाला काही झालंच, तर म्हणे हळद-दूध बरं." माळीण म्हणाली, "माझ्या ओळखीत एक होती, तिला ओव्याची पुरचुंडी लागू पडली हो." खुद्द सेनापती रस्त्यात थांबला आणि आकाशाकडे पाहत म्हणाला, "आल्याचा काढा. मी कुणाचंच नाव घेत नाही."

लीलांबरीने सारे केले. तरी दुसऱ्या पहाटे नाक बंद, गळा जड. तिने जोर लावून सूर वर ढकलला. शिळा वीतभर सरली. त्याच्या पुढच्या पहाटे तिने आणखी जोर लावला, तेव्हा आवाज मधोमध फाटला आणि शिळा जागची हललीसुद्धा नाही. घागरी घेऊन आलेल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. त्या घागरींचा पोकळ आवाज लीलांबरीच्या काळजात रुतून बसला.

राजा विजयकेतूने तिला बोलावले. "गायिके, काय झाले?"

"काही दाही, बहाराज," लीलांबरी म्हणाली.

दरबार खाली पाहू लागला. राजा सावकाश म्हणाला, "टाक्यांत थोडे पाणी उरले आहे. ते संपण्याच्या आत दार उघडले पाहिजे."

"उघडेल," असे म्हणून ती निघाली. ज्या मांत्रिकाने ते शिळाद्वार घडवले, तो धूम्रनाथ अजून जिवंत होता आणि राज्याच्या सीमेवरच्या अरण्यात राहत होता. मांत्रिक फार जगतात.

अरण्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीतून एक भारद्वाज पक्षी चालत बाहेर आला. तांबूस पंख, लाल डोळे आणि आवाज असा खोल की पायाखालची माती ऐकते आहे असे वाटावे.

"मार्ग दाखवशील?" तिने विचारले.

"दाखवीन," भारद्वाज म्हणाला. "मी फार उंच उडत नाही आणि फार उंच गातही नाही. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, पण मनात म्हणाली, याला गाणे कोण म्हणेल?

धूम्रनाथाच्या गुहेतून आधी शिंका ऐकू आल्या आणि मग धूम्रनाथ दिसला. खांद्यावर घोंगडी, नाक लाल, डोळ्यांना पाणी. ज्याने डोंगराला दार बसवले, ढगांना दावणीला बांधले, तो महामांत्रिक उपरण्याने नाक पुसत बसला होता.

"पाहतेस काय?" तो म्हणाला. "एक शाप दिला होता. दिलेला शाप थोडा देणाऱ्यालाही चिकटतो. तेव्हापासून माझी सर्दी गेलेली नाही."

"मग मंत्राने घालवा ना!"

"हत्तीचा उंदीर करायला मंत्र आहे, बाई. सर्दीवर मंत्र नाही." त्याने तिला आपादमस्तक न्याहाळले. "तुला तीन कामे करावी लागतील. पहिले, पलीकडच्या मौनतळ्यातून घागरभर पाणी आण. जाता-येता गळ्यातून आवाज काढायचा नाही. दुसरे, त्या पाण्याची वाफ घे आणि वाफेत जे दिसेल त्याला गाऊन उत्तर देऊ नकोस. तिसरे मग सांगेन."

पहिले काम तिला अगदीच सोपे वाटले. तळ्याच्या अलीकडे एक ओढा होता आणि ओढ्यावर नावाडी. त्याने विचारले, "बाई, पलीकडे सोडू का?" लीलांबरी जेमतेम ओठ हलवून कुजबुजली, "हो." तळ्यावर तिने घागर भरली, गुहेत आणून ठेवली आणि आत पाहिले. घागर कोरडी ठणठणीत होती.

"मी बोलले नाही!" ती रडकुंडीला आली.

"कुजबुजलीस," भारद्वाज म्हणाला. "तुम्हा गवयांना वाटते, कुजबुजणे म्हणजे विश्रांती. त्याने गळा बोलण्याहून जास्त घासतो. पुन्हा जा."

ती पुन्हा गेली. या वेळी नावाड्याला तिने हाताने खूण केली, आणि तेव्हा तिला कळले की गप्प बसणे किती अवघड आहे. माणसे टाळता येतात. स्वतःचा गळा कसा टाळणार? पावलोपावली वाटे, जरा खाकरून पाहावे. जरा एक षड्ज लावून पाहावा, अगदी हळू, नुसता आहे की गेला एवढेच पाहायला. आवाज बिघडलेला गवई दिवसभर हेच करतो, जखमेवरची खपली काढून बरी झाली का पाहावे तसे. लीलांबरीने ज्येष्ठमधाची काडी दातांत घट्ट धरली. आवाज असेल तर असेल. नसेल तर पाहिल्याने येणार नाही. हा विचार तिला फार भयंकर वाटला, आणि तळ्याच्या काठी पोचेपर्यंत त्याच विचाराने तिला थोडे शांतही वाटू लागले. घागर भरली आणि भरलेलीच राहिली.

मग धूम्रनाथाने तीन धोंड्यांवर पाणी उकळत ठेवले, त्यात तुळस आणि ओवा टाकला आणि लीलांबरीच्या डोक्यावरून आपली घोंगडी पांघरली.

वाफेत बायका दिसल्या. एकीमागे एक, तिच्या आधीच्या साऱ्या राजगायिका. तोंडे उघडी, पण आवाज नाही. त्या हात पसरून सूर मागत होत्या, एकच सूर. लीलांबरीच्या ओठांवर तो आलाही होता. तेवढ्यात तिने ओळीच्या टोकाला पाहिले, तरुण कात्यायनी उभी होती. गळ्याला शाल गुंडाळलेली, नाक लाल, डोळे जड. तीही सर्दीत गात होती. जोर लावून लावून वर चढत होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि एका क्षणी सुराचा धागा तिच्या गळ्यातून सुटून तंबोऱ्याच्या भोपळ्यात शिरला. लीलांबरी गायली नाही. ती घोंगडीखाली ढसाढसा रडली, आणि कितीतरी दिवसांनी तिचे नाक मोकळे झाले.

"म्हणजे गुरुमाईचा आवाज म्हातारपणाने गेला नाही?" तिने विचारले.

"नाही," धूम्रनाथ म्हणाला. "मी ते दार सच्च्या सुरासाठी केले होते. उंच सुरासाठी नव्हे. तुमच्या त्या जुन्या राजाने मिरवण्यासाठी तो आकाशाला टांगला. मी रागावलो. म्हणालो, हा सूर खाली आणायला जी लाजेल, तिचा कंठ या भोपळ्यात जाईल. मला वाटले, वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी खुंटी पिळेल. इतकी लाज असेल असे वाटले नव्हते." त्याला शिंक आली. "तिसरे काम हेच. दारासमोर, सर्वांदेखत, तंबोरा उतरव."

"लोक हसतील."

"हसतील."

"आणि मी उंच सुरातच गायले तर?"

"या गळ्याने? जीव तोडून गायलीस तर दार एकदा उघडेल. आणि तुझा कंठ भोपळ्यात जाईल."

परतीच्या वाटेवर लीलांबरीला ते उंच गाणेच फार मोहक वाटले, हे इथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नगरासाठी कंठ देणारी गायिका! चौकात पुतळा उभा राहिला असता, राजाने डोळे पुसले असते. कंठ देणे तिला जमले असते. सर्वांदेखत मला एवढे उंच जात नाही असे म्हणणे मात्र जमेल असे वाटत नव्हते.

"भारद्वाजा," ती म्हणाली, "तुला कुणी हसत नाही?"

"हसतात," भारद्वाज म्हणाला. "मग मी पुन्हा गातो." आणि तो गायला, खोल, सावकाश, घुमत. या वेळी तिने थांबून ऐकले. त्या आवाजात एकही सूर खोटा नव्हता.

पहाटे सारे नगर दारासमोर जमले होते. टाक्यांचा तळ उघडा पडला होता. कात्यायनी पुढे बसली होती. लीलांबरीने तंबोरा घेतला, आणि छेडण्याऐवजी खुंटीवर हात ठेवला.

"गायिके," राजा म्हणाला, "त्या खुंटीला आजवर कुणी हात लावलेला नाही."

"महाराज, म्हणूनच लावते आहे."

खुंटी दगडाची, ती कसली हलते? लीलांबरीने दोन्ही हातांनी पिळून पाहिली. मागे कुणीतरी फिसकन हसले. तिने डोळे मिटले आणि त्या राज्यात कुणी कधी उच्चारले नव्हते ते वाक्य मोठ्याने उच्चारले.

"मला सर्दी झाली आहे. एवढ्या उंच मी आज गाऊ शकत नाही. मी खाली गाईन."

कर्र आवाज झाला आणि तिच्या मुठीत दगडाचे लाकूड झाले. खुंटी फिरली.

आता, चार तारा उतरवून जुळवायला वेळ लागतो. शापबिप सुटला तरी तो वेळ लागतोच. राजा उभा, प्रजा उभी, आणि लीलांबरी एकेक तार कानाशी धरून जुळवते आहे. अखेर तंबोरा बोलू लागला तो असा भरदार, की मागे हसणारी माणसे पुढे सरकून ऐकू लागली. मग ती गायली. आवाज जाड होता, थोडा नाकातलाही होता. ती वर गेली नाही. होती तिथेच राहिली आणि सूर भरत गेली.

आधी काहीच झाले नाही. मग डोंगरच त्या सुरात गुणगुणू लागला. शिळा वीतभर नाही, हातभर नाही, संपूर्ण सरली, आणि पाणी धावत आले. बायका घागरी टाकून पाण्यात उतरल्या. भोपळ्यातून कितीतरी आवाज बाहेर पडले. ज्यांच्या धनिणी आता नव्हत्या, ते डोंगरापलीकडे निघून गेले. दूर अरण्यात एका म्हाताऱ्या मांत्रिकाने मोकळ्या नाकाने श्वास घेतला. आणि एक आवाज तेवढा पुढे बसलेल्या कात्यायनीच्या गळ्यात शिरला.

म्हातारीने खाकरून घसा साफ केला. लीलांबरी धावत जाऊन तिच्या पायाशी बसली. इतक्या वर्षांनी गुरुमाई काय बोलतील, म्हणून राजासुद्धा कान देऊन उभा राहिला.

कात्यायनीने तळवा जमिनीकडे नेला, नेहमीसारखा.

"मांडी नव्हे गं पोरी," ती म्हणाली. "सूर! सूर खाली घे, सूर! मांडी घालून घालून गुडघे झिजवलेस."

लीलांबरी हसता हसता रडू लागली.

वेशीवरचा खांब राजाने उपटून काढला आणि झऱ्याकाठी बायकांना धुणे धुवायला आडवा टाकला. त्या राज्यात तंबोरा आता गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे लागतो, कधी वर, कधी खाली. लीलांबरीची सर्दी मात्र शापाबरोबर गेली नाही. ती आपल्या वेळेने जायची होती. दुसऱ्या पहाटे कात्यायनीने शाल घेतली, तंबोरा उचलला आणि बाहेर पडून घराचे दार हळूच ओढून घेतले. लीलांबरी ज्येष्ठमध चघळत गप्प पडून राहिली, आणि शिळा सरल्याचा आवाज तिने अंथरुणातून ऐकला.