भिवराचं खिंडार

वाघळदऱ्याच्या माथ्यावरच्या या धर्मशाळेत शिरताना जरा वाकायचं. चौकट बुटकी आहे. ही गोष्ट सांगणारीचंही डोकं दर फेरीला एकदा आपटतंच, वीस वर्षं झाली तरी अक्कल आलेली नाही. आत आलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. तीन भिंती एवढ्या छान सारवलेल्या, मग डोंगराकडच्या भिंतीला हे खिंडार कशाला? बसलेल्या बाईएवढं, कडा फाटलेल्या, आणि थंडीत त्यातून असा वारा येतो की दात वाजतात. कुणी विचारतं खिडकी आहे का, कुणी म्हणतं डागडुजी राहिली वाटतं.

राहिलेली नाही. ते एका बाईने रागाच्या भरात पाडलंय, आणि तो राग अजून उतरलेला नाही, असं सांगतात.

भिवरा तिचं नाव. ती कूड विणायची, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्याआडव्या विणून भिंत करायची, वर शेणामातीचा लेप. पंचक्रोशीत तिच्यासारखा हात नव्हता, आणि तिच्याएवढं मवाळ तोंडही नव्हतं म्हणे. कोंबडीलासुद्धा ती सरक बाई म्हणायची.

तेव्हा कोकणातून मिठाचे बैल या वाटेने वर यायचे. माणसं उघड्यावर पडायची, पावसापाण्याची मरायचीही. येसजी पाटलाने ठरवलं, सगळ्यांसाठी एक धर्मशाळा बांधायची. विचार सोन्यासारखा होता, त्यात खोट नाही. खोट घाईत होती. दसऱ्याला देशमुख येणार होते, त्यांच्या हातून धर्मशाळेत पहिला दिवा लागायला हवा होता.

आणि ते वर्ष कारवी फुलण्याचं होतं. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. मग बी धरते, पुढच्या पावसात तिची वाळलेली बोंडं तडतड फुटतात, बी उडतं, आणि झाड आपलं आपण मरतं. भिंतीला घ्यायची ती ही मेलेली काठी. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण पाटलाने माणसं पाठवली आणि वाडीच्या झऱ्यावरच्या उतरणीची सगळी कारवी कापून आणली. ओली, निळ्या फुलांसकट.

भिवरा म्हणाली, "पाटील, अजून बी धरलं नाही."

पाटील हसला. "भिवरे, आपल्याला भिंत घालायचीय, पेरणी नाही करायची."

सगळे हसले. भिवराही थोडी हसली म्हणे. मग खाली बसली आणि तिने ती ओली कारवी विणली. चारी भिंती, वीस दिवस. फुलांचा चिकटा हाताला लागला तो धुतला तरी जाईना. दसऱ्याला दिवा लागला, देशमुखांनी भिंतीवर हात फिरवून वाहवा केली. पाटलाने विणणारीचं नाव सांगितलं नाही. भिवराला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते बोडक्या उतरणीकडे बघून.

पुढच्या आषाढात ती बोडकी उतरण खाली आली. जुनी मुळं मेलेली, नवी रुजलेली नाहीत, मातीला धरणार कोण? माणूस गेला नाही, पण वाडीचा एकुलता झरा दगडामातीखाली गाडला गेला. बायकांना पाण्यासाठी अर्धा घाट उतरून नदीवर जावं लागलं. सकाळी निघालेली बाई उन्हं वर आल्यावर परतायची. धर्मशाळेच्या कुडाला भुंगा लागला, भिंतीतून पिवळी भुकटी गळू लागली. पाटील म्हणे, देवाची मर्जी.

दिवाळीनंतरची गोष्ट. भिवरा घाट चढून डोक्यावर हंडा घेऊन आली. धर्मशाळेत पाटलाचे पाहुणे उतरले होते. पाटलाने तिचा हंडा उतरवून घेतला, पुढे ओढला, आणि पाहुण्यांना म्हणाला, पाय धुवा. त्यांनी धुतले. पाणी उंबऱ्यावरून वाहून गेलं.

भिवराने रिकामा हंडा उचलून बाजूला ठेवला. मग आत गेली, डोंगराकडच्या भिंतीशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी स्वतः विणलेला कूड फाडायला लागली. काठ्या मोडत होत्या, बोटं फाटत होती. कुणी पुढे झालं नाही.

"भिवरे, भिंत गावाची आहे," पाटील ओरडला.

"झरा कुणाचा होता?" ती म्हणाली. "मला कळत होतं. कळत असून मी विणलं. तुझा राग येतो येसजी, पण त्याहून माझ्या या हातांचा येतो."

पाटलाला आजवर कुणी नुसतं येसजी म्हटलं नव्हतं.

ती त्या खिंडारात बसली, तोंड उतरणीकडे. म्हणाली, तिथली कारवी पुन्हा फुलून, वाळून, तडतडेपर्यंत मी उठायची नाही आणि हे बुजवायचं नाही. पावसात बायकांनी पलीकडच्या डोंगरावरून रोपं आणली, मातीसकट, पदरात. पुरुष आधी लांब उभे होते. भिवराने एकेकाचं नाव घेऊन, बाप-आजा काढून अशा शिव्या दिल्या की तेही दगडाचे बांध घालायला लागले. शिव्या कुठून शिकली कुणास ठाऊक, बहुतेक चाळीस वर्षं गिळलेल्याच असतील. कुणी कोयता घेऊन उतरणीकडे वळला की खिंडारातून आवाज यायचा. ऊन, पाऊस, थंडी, ती हलली नाही म्हणे.

सातव्या वर्षी उतरण निळी झाली. पुढच्या पावसात सगळा डोंगर तडतडला, लाह्या फुटाव्यात तसा. त्याच सकाळी दगडांच्या फटीतून पाणी आलं. बायका सांगायला धावल्या, तर खिंडार रिकामं. भिवरा कुठे गेली ते कुणाला कळलं नाही.

मेलेल्या कारवीच्या नव्या भिंती उभ्या राहिल्या. पाटलाने खिंडार लिंपलं. सकाळी लेप खाली. पुन्हा लिंपलं, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तो चिडला, कोण पाडतंय ते बघायला तिथेच आडवा झाला. उजाडेपर्यंत थंडीने कुडकुडत त्याने उतरण बघितली. उठल्यावर एवढंच म्हणाला, राहू दे. आणि मरेपर्यंत धर्मशाळेत उतरला की तिथेच निजला.

आजही डोंगर तडतडल्याशिवाय इथे कुणी कोयता काढत नाही. भिंती नव्याने विणतात तेव्हा वाडीतली सगळ्यात वडील बाई खिंडारात बसून विणणाऱ्यांना नावं घेऊन शिव्या देते, आणि उलट बोलायची सोय नसते. यंदा सांगणारीचाच नंबर लागायचा होता, पण एक सत्तरीची आत्या निघाली, थोडक्यात हुकला.

आणि माथ्यावर कुणी नवा सरपंच झाला, कुणी साहेब रस्त्याचा किंवा हॉटेलाचा नकाशा घेऊन आला, तर त्याला जेवायला वाढतात, पाय धुवायला पाणी देत नाहीत, आणि अंथरूण तिथे घालतात. खिंडारापाशी, तोंड उतरणीकडे. तुमच्यातले साहेब कोण म्हणालात?