सुताराची पहिली उतरण

फार पूर्वी, जिथे सहा महिने बर्फ पडे आणि उरलेले सहा महिने लोक त्या बर्फाबद्दल बोलत, अशा एका डोंगरगावात एक सुतार राहत होता. गाव उतारावर वसलेलं होतं. वरच्या आळीतून खालच्या आळीत चालत जायचं म्हणजे कमरेपर्यंत रुतायचं. म्हणून गावातली लहानथोर माणसं पायांना दोन लांब लाकडी पट्ट्या बांधत आणि सुर्रकन घसरत खाली येत. दूध पट्ट्यांवरून येई, वऱ्हाड पट्ट्यांवरून येई, आणि कुणाची सासू पट्ट्यांवरून येताना दिसली की घरातला पसारा भराभर आवरला जाई.

त्या सगळ्या पट्ट्या या एकाच सुताराच्या हातच्या. चौकात गावाच्या मालकीचं एक खोपट होतं. जो गावाच्या पायांची सोय करील त्याने त्यात राहावं आणि काम करावं, असं ठरलेलं होतं. सुताराचा आजा तिथेच रंधा मारता मारता म्हातारा झाला, बापही झाला, आणि आता याचीही पन्नाशी आली होती.

गावात आणखी एक जुनी चाल होती. नवी वस्तू घडवली की घडवणाऱ्याने आधी ती स्वतःच्या पायांना बांधायची, वरच्या देवळापासून ओढ्यापर्यंत उतरायचं आणि मगच ती गिऱ्हाइकाला द्यायची. याला ‘पहिली उतरण’ म्हणत. तरुणपणी सुताराने अशा शेकडो उतरणी केल्या. पुढे पोट सुटलं, गुडघे कुरकुरू लागले, आणि तो म्हणू लागला, “तीस वर्षं तीच पट्टी करतोय. तिला काय उतरून बघायचं?” गावानेही मग कधी विचारलं नाही.

एका हिवाळ्यात पाटलाच्या मुलाचं लग्न झालं. सून पलीकडच्या खोऱ्यातली होती. ती सासरी आली ती दोन पट्ट्यांवरून नव्हे, एका रुंद फळीवरून. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, अंग आडवं, एका हातात ओटीचा नारळ. अशी नागमोडी वळणं घेत ती थेट पाटलाच्या उंबरठ्याशी येऊन थांबली. तिने रीतसर माप ओलांडलं, उखाणाही घेतला, पण गावाचं सगळं लक्ष त्या फळीकडे होतं.

झालं. महिन्याभरात तरुण पोरापोरींनी पट्ट्या माळ्यावर टाकल्या आणि पलीकडच्या खोऱ्यातून फळ्या मागवल्या. ज्यांना फळीवरून घसरता येत होतं ते घसरू लागले, आणि ज्यांना येत नव्हतं ते ती बगलेत मारून हिंडू लागले. गावात पट्टीवाले आणि फळीवाले असे दोन तट पडले. ते एकमेकांकडे विरजणसुद्धा मागेनात.

सुतार खोपटाच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी, “फळी असते भांडी ठेवायला. माणसाने एका लाकडावर उभं राहायचं असतं, तर देवाने पाय तरी दोन कशाला दिले असते?”

पाटलाची सून एकदा तिथून चालली होती. तिने हे ऐकलं आणि हसून म्हणाली, “काका, एकदा उभं तर राहून बघा.”

“विहीर खोल आहे हे कळायला उडी मारावी लागत नाही, पोरी,” सुतार म्हणाला. आपण फार मार्मिक बोललो असं त्याला वाटलं, आणि त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

पुढच्या हिवाळ्यात मात्र खोपटाकडे कुणी फिरकेना. सुतारीणबाई एके दिवशी म्हणाल्या, “अहो, या महिन्यात दोन माणसं आली. एक रस्ता विचारायला आणि दुसरा आपली पट्टी परत द्यायला.”

त्यातच बातमी आली की संक्रांतीला गाव चौकात बसणार आणि खोपट कुणाला द्यायचं ते ठरवणार. पलीकडच्या खोऱ्यातला एखादा फळी करणारा आणावा, असं बरेच जण म्हणत होते. खोपट गेलं तर खाली मैदानात मेव्हण्याकडे जाऊन लाटणी करत बसायची, दुसरी वाट नव्हती. मेव्हणा स्वभावाने बरा होता, पण तो दर जेवणाला आपल्या बागेतल्या वांग्यांचं कौतुक करी आणि ती वांगी खायलाही लावी.

घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो, काहीच नाही किंवा भलतंच. सुताराने भलतं केलं. शिल्लक राहिलेल्या पट्ट्यांच्या जोड्या घेतल्या, सरस लावून एकीला एक चिकटवली, वरून लाल रंग फासला आणि दारावर पाटी लावली : ‘येथे उत्तम फळ्या मिळतील.’

“पहिली उतरण?” सुतारीणबाईंनी विचारलं.

“संक्रांत तोंडावर आली. वेळ कुठे आहे?” सुतार म्हणाला. खरं तर वेळ होता, धीर नव्हता.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून खुद्द पाटील आला. सून घसरते, मुलगा घसरतो, आणि आपण मात्र म्हाताऱ्यांत जमा, हे त्याला खुपत होतं. त्याने लाल फळी पायांना बांधली, मिशीला पीळ दिला आणि देवळापासून निघाला. अर्धा उतार झकास गेला. मग बर्फाचं पाणी सरसात शिरलं, कट्‌ असा आवाज आला आणि एका फळीच्या पुन्हा दोन पट्ट्या झाल्या. डावा पाय चावडीकडे निघाला, उजवा ओढ्याकडे. पाटलाला स्वतःला कुठे जायचं होतं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. शेवटी तो गवताच्या गंजीत सापडला, आणि फेटा दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे.

लोकांनी सुताराला बोलावून आणलं. पाटील कण्हत म्हणाला, “सुतारा, ही माझ्या पायाला देण्याआधी तू हिच्यावरून उतरला होतास?”

सुताराला हो म्हणता आलं असतं. पण त्याने पाटलाच्या मिशीत अडकलेल्या काड्या पाहिल्या आणि त्याची मान खाली गेली. “नाही, पाटील.”

“संक्रांतीला आठ दिवस आहेत,” पाटील म्हणाला. “त्या दिवशी तू केलेलं काहीतरी तुझ्याच पायाला बांध आणि सगळ्या गावासमोर देवळापासून खाली उतर. धड उतरलास तर खोपट तुझं. नाहीतर रिकामं कर.”

घरी सुतार डोक्याला हात लावून बसला. सुतारीणबाईंनी त्याच्यापुढे गरम पेज ठेवली आणि म्हणाल्या, “आता त्या पोरीकडे जा. लाज वाटत असेल तर तिलाही घेऊन जा, पण जा.”

सुतार गेला. पाटलाच्या सुनेने ना टोमणा मारला, ना वर्षभराचा हिशेब काढला. आपली फळी दिली आणि म्हणाली, “काका, गुडघे वाकवा. पायांकडे बघू नका, जिथे जायचंय तिकडे बघा.”

पहिल्या दिवशी सुतार जिथे जायचं होतं ते सोडून सगळीकडे गेला. कुंपणात गेला, म्हशीच्या गोठ्यात गेला, एका घरात तर सरळ माजघरापर्यंत गेला आणि तिथल्या आजीबाईंनी त्याला बसायला पाट दिला. संध्याकाळी सुतारीणबाई त्याच्या पाठीला तेल चोळत आणि तो कण्हत कण्हत फळीला शिव्या देई. पण चौथ्या दिवशी, कसं कोण जाणे, फळी वळली. त्याने नुसता भार एका कडेवर टाकला आणि गोठ्याची वाट माहीत असलेल्या बैलासारखी ती आपली आपण वळली. तीस वर्षांत सुताराला इतका आनंद झाला नव्हता. तो उतारावर एकटाच मोठ्याने हसला.

मग तो बर्फात बसला आणि फळी उलटी करून तिच्याकडे पहिल्यांदा सुताराच्या नजरेने पाहू लागला. दोन्ही टोकं रुंद आणि मध्ये निमुळती. फळीला कंबर होती. त्याच्या पट्ट्या मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट. वळणावर लोक पट्ट्यांशी झटापट करत, आपटत, आणि तो दरवेळी त्यांच्याच पायांना दोष देई. सुताराला मनापासून वाईट वाटलं. किती जणांचे गुडघे आपण फुकट फोडले, असं त्याच्या मनात आलं.

घरी येऊन त्याने वाळलेलं लाकूड काढलं आणि पट्ट्यांची एक नवी जोडी घडवली. आधीपेक्षा वीतभर आखूड, टोकांना रुंद, मध्ये कंबर. तिच्यावरून स्वतः उतरला. कंबर फार बारीक झाली होती, पट्टी मोडली आणि तो ओढ्यात पडला. दुसरी जोडी केली, पुन्हा उतरला. ती डावीकडे ओढत होती. तिसरी केली.

संक्रांतीला सगळं गाव ओढ्याकाठी जमलं. तोंडात तिळगूळ होता, तरी बोलणं काही गोड नव्हतं. पट्टीवाले आणि फळीवाले दोघेही सुतार पडायची वाट पाहत होते. सुतार निघाला. पुढे पोट, मागे सुतार. या बाजूला वळला, त्या बाजूला वळला, गंजीला वळसा घातला आणि पाटलापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. पाटलाच्या अंगावर मात्र टोपलीभर बर्फ उडाला.

पाटलाने मिशी झटकली आणि वाकून पट्ट्या निरखल्या. “वा. हे तुझ्या आजाचं गुपित दिसतंय. इतकी वर्षं लपवून ठेवलं होतंस?”

सुताराला ही गोष्ट ऐकायला फार गोड वाटली. मान डोलावली असती तर आजाचंही नाव झालं असतं आणि त्याचंही.

“आजाचं नाही, पाटील. तुमच्या सुनेच्या फळीचं आहे. वर्षभर मी फळीला नावं ठेवली, कारण मी तिच्यावर उभाच राहिलो नव्हतो. आणि तुम्हाला जी दिली, तिच्यावरही उभा राहिलो नव्हतो.”

मग पाटलाची सून पुढे आली आणि म्हणाली, “काका, माझ्या मापाची एक जोडी कराल?” तिच्यामागे पट्टीवाले आले, फळीवालेही आले, आणि रांगेत कोण पुढे यावरून त्यांचं नव्याने भांडण जुंपलं.

खोपट सुताराकडेच राहिलं. त्याने पट्ट्या केल्या, फळ्याही केल्या, आणि प्रत्येक नव्या वस्तूवरून आधी स्वतः उतरला. बारा-पंधरा वर्षांनी फळीवाल्यांची पोरं मोठी झाली आणि नाक मुरडून म्हणाली, “फळी? ती बाबांच्या वेळची.” सगळं गाव पुन्हा पट्ट्यांकडे वळलं. त्यानंतर काही वर्षांनी परत फळीकडे. सुताराची झोप काही त्यामुळे उडाली नाही.

तो सत्तरीचा झाला तेव्हा एका सकाळी वरच्या आळीची एक पोरगी चक्क परातीत बसून, गरगर फिरत, किंचाळत चौकात आली. गावातली जाणती माणसं लगेच खोपटापाशी जमली. सुतारबाबा आता या थेराला काय म्हणतात, ते त्यांना ऐकायचं होतं.

सुताराने परात हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि घराकडे तोंड करून म्हणाला, “अगं, तेल गरम करायला ठेव. मी जरा देवळापर्यंत जाऊन येतो.”

तात्पर्य : ज्यावर आपण स्वतः कधी उभे राहिलो नाही, ते दुसऱ्याला विकू नये आणि त्याला नावंही ठेवू नयेत.