फेट्याचा पेच

११ ऑक्टोबर. सकाळी ढगाळ, दुपारी कडक ऊन.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. ट्रॅक्टर कारखान्याचे मालक उदाजीराव नवाकोरा फेटा बांधून नव्या ट्रॅक्टरवर चढून बसले.

"सीट चार बोटं वर घ्या. रुबाब दिसत नाही!"

मुख्य डिझायनर नलिनी कुंभोजकर म्हणाल्या, "साहेब, मग ब्रेकला पाय पुरणार नाही. ब्रेक वर घेतला की त्याची दांडी बदलायची, दांडी बदलली की..."

"रडगाणं नको! सीट तेवढी हलवा, बाकी कशाला हात लावायचा नाही. उद्या विक्रेते ट्रॅक्टर चालवून बघणार आहेत. जमत नसेल तर राजीनामा द्या."

नलिनीबाईंच्या डोळ्यांपुढे ब्रेक शोधणारा पाय आला. तरी त्या हसून म्हणाल्या, "हलवते. आधी तुमच्या फेट्याचा खालचा पेच तेवढा चार बोटं वर घ्या. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"त्यात काय!" उदाजीरावांनी ऐटीत पेच ओढला. वरचे पेच सुटले, तुरा कलंडला, शेमला नाकावर आला.

"अहो बाई, एक पेच हलला की सगळा फेटा नव्यानं बांधावा लागतो!" ते फेट्याआडून ओरडले.

"तेच तर म्हणत होते, साहेब. ट्रॅक्टरचंही तसंच आहे."

सीट चार बोटं वर गेली. ब्रेक, त्याची दांडी, स्टिअरिंग आणि छतही बदललं. दसऱ्याचा मुहूर्त हुकला आणि ट्रॅक्टर गुढीपाडव्याला बाजारात आला.