किल्ल्यांवाली इन्सुलाबाई

एकदा काय झालं, एका राजकन्येच्या अंगात अख्खं गाव वसलं होतं. हसू नकोस नच्या, तुझ्याही अंगात आहे, आणि तिथले सगळे तुझ्यासारखेच आळशी. जुई, तू सुईवरून रुसलीस ना? रूस खुशाल. तोंड भिंतीकडे, कान इकडे.

तर त्या गावातून एक लाल नदी वाहायची. राजकन्या भात खायची, पोळी खायची, त्याची साखर व्हायची आणि नदीतून दारोदार यायची. साखर आत आली की चूल पेटायची. पण प्रत्येक दाराला कुलूप, बरं का! आणि किल्ल्या एकाच बाईकडे, इन्सुलाबाईकडे. ती राहायची जठराच्या मागच्या आळीत. डॉक्टर त्या आळीला कसलंसं पिंड म्हणतात, मला मेलं लक्षात राहत नाही. राजकन्या जेवली की बाई कमरेला जुडगा खोचून निघायची. खुळ्ळुक! दार उघडलं, साखर आत.

मग एकदा गावात ताप आला. पहारेकरी बिथरले. त्यांना दिसली इन्सुलाबाई. "एवढ्या किल्ल्या? चोरच आहे ही!" म्हणाले, आणि आपल्याच बाईला पिटाळून लावलं. गाढव मेले! राजकन्येनं गोड खाल्लं म्हणून नाही हं झालं. कुणी तसं म्हणालं तर पाठव माझ्याकडे, चिमटाच काढते.

मग काय, नदीत साखरच साखर आणि घरं उपाशी. राजकन्या वाळायला लागली.

राजा म्हणाला, "लाडू द्या तिला!" दिले. नदीचा पाक झाला. घरं उपाशीच.

मग तिला तहान लागली. घागर प्यायली, हंडा प्यायली, आड प्यायली. आणि तेवढीच शू! सारखी आपली मोरीत. अगंबाई, भिंत हसली वाटतं.

मग राजा म्हणाला, "खाणंच बंद करा." तर घरांनी आपल्याच तुळया काढून चुलीत घातल्या. नुसता धूर! राजकन्येच्या श्वासाला सडक्या फळांसारखा वास यायला लागला. मग तिनं डोळेच मिटले. हाका मारल्या तरी उघडेना. राजा उशाशी बसून रडला गं.

मग आली एक वैद्यीणबाई. हातात इवलीशी बाटली. म्हणाली, "यात इन्सुलाबाईच्या बहिणी आहेत. किल्ल्या त्याच. पण लवकर दमतात, म्हणून रोज नव्या लागतील. आणि आत जायची वाट सुईतून."

टुच्! बहिणी धावल्या. खुळ्ळुक, खुळ्ळुक, खुळ्ळुक! चुली पेटल्या. हळूहळू राजकन्येनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी राजानं सुई उचलली आणि परत खाली ठेवली. "माझ्या पोरीला रोज टोचू?"

राजकन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही डोळे मिटा. मीच टोचते."

एकदा काय केलं तिनं, सुई घेतली आणि न जेवताच खेळायला पळाली. बहिणींनी दारं उघडली, नदीतली साखरच संपली. दरदरून घाम, पाय लटपट! आईनं तोंडात साखर घातली तेव्हा कुठं सावरली. तेव्हापासून खडीसाखर कायम खिशात.

मग ती शाळेत गेली, चिंचेवर चढली, पडली, लग्न केलं, म्हातारी झाली, दात गेले. सुई काही सुटली नाही. तिचं काही अडलंही नाही.

काय गं जुई, वळलीस का इकडे? खोटी गोष्ट म्हणतेस? बरं. फ्रिजात दोन बाटल्या आहेत. एक तुझी. दुसरी कुणाची, कधी विचारलंस?

अगं, माझा बाप कुठला राजा! टपाल वाटायचा तो. पण डोळे मात्र घट्ट मिटायचा हं.

उद्या आपण दोघी बरोबर टोचू. नच्या मिटेल डोळे. आता राजकन्या निजली, इन्सुलाबाईच्या बहिणी निजल्या. तुम्हीही निजा, नाहीतर दोघांना गुदगुल्या करीन!